अभ्यासपाठ : ब्रह्मदेशात हुकूमशहा कसा उभा राहिला

हुकूमशहा म्हटला की आपल्या अभ्यासवर्गांत पहिले नाव निघते ते हिटलरचे. ते योग्यच आहे. परंतु हिटलरचा अभ्यास आपल्याला सोपा जातो याचे एक कारण असे की, तो दुसऱ्याच्या घरचा आहे. देश ख्रिस्ती, मारले गेले ते ज्यू. आपण दूर बसून न्यायनिवाडा करतो आणि स्वच्छ हातांनी घरी जातो. म्हणून प्रस्तुत पाठासाठी मुद्दाम असा देश घेतला आहे की जेथे गावोगाव विहार आहेत, जेथे लहान मुलगा एकदा तरी चीवर पांघरतो, जेथे पहाटे भिक्खूंच्या रांगा पिंडपातासाठी बाहेर पडतात. हा देश म्हणजे ब्रह्मदेश, आजचा म्यानमार.

या देशाचे आपल्यावर ऋण आहे. डिसेंबर १९५४ मध्ये परमपूज्य बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्याच महिन्याच्या २५ तारखेला देहूरोड येथे त्यांनी ज्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली ती रंगूनहून आलेली होती. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांच्याकडून त्यांनी त्रिशरण-पंचशील ग्रहण केले ते कुशीनाराचे भदन्त चंद्रमणी महास्थविर मूळचे ब्रह्मदेशातील अराकान प्रांताचे. ज्या अराकानने आपल्याला दीक्षागुरू दिला, त्याच अराकानातून २०१७ साली सात लाखांवर माणसे घरे जळत असताना नाफ नदी ओलांडून बांगलादेशात पळाली. जाळणारे सैन्य बौद्ध राष्ट्राचे होते. हे कसे घडले, हा या पाठाचा विषय आहे. तो टाळून धम्मप्रचारकाला पुढे जाता येणार नाही, कारण प्रश्न विचारणारे तो विचारणारच.

दार आतून उघडले जाते

ब्रह्मदेश ४ जानेवारी १९४८ रोजी स्वतंत्र झाला. तो एका जातीचा देश नव्हे. इरावतीच्या खोऱ्यात बहुसंख्य बर्मी, आणि भोवतालच्या डोंगरांत व किनाऱ्यावर शान, काचिन, चिन, करेन, मोन, अराकानी असे अनेक लोक. स्वातंत्र्याचे नेते आंग सान यांनी १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पांगलाँग येथे शान, काचिन व चिन पुढाऱ्यांशी करार केला आणि त्यांना बरोबरीच्या नात्याने संघराज्यात येण्याचे वचन दिले. पाच महिन्यांनी, १९ जुलै १९४७ रोजी, बैठक चालू असतानाच त्यांचा खून झाला. वचन देणारा गेला. ज्यांना वचन दिले ते राहिले.

नव्या राज्यघटनेत बौद्ध धम्माला बहुसंख्यांचा धर्म म्हणून विशेष स्थान दिलेले होते. परंतु तो राज्यधर्म नव्हता, आणि इस्लाम, ख्रिस्ती, हिंदू व वनवासींचे धर्म यांनाही तेथे मान्यता होती. सैन्याचा पहिला प्रमुख स्मिथ डन हा करेन होता. १९४९ च्या आरंभी करेनांचे बंड पेटताच त्याला दूर करण्यात आले आणि त्याच्या जागी आला ने विन. हे नाव ध्यानात ठेवावे.

ने विन हा कोणी राजवंशीय नव्हता. मूळ नाव शू माँग. रंगूनच्या महाविद्यालयात परीक्षेत नापास झालेला, पुढे टपालखात्यात कारकून, आणि १९४१ साली जपान्यांकडून युद्धशिक्षण घेतलेल्या तीस साथीदारांपैकी एक. 'ने विन' म्हणजे तेजस्वी सूर्य. हे नाव त्याने तेव्हा धारण केले.

हुकूमशहा दार फोडून आत शिरतो अशी आपली समजूत असते. ब्रह्मदेशात त्याला आत बोलावण्यात आले. १९५८ साली सत्ताधारी पक्षात फूट पडली, पंतप्रधान ऊ नू यांचे बहुमत डळमळले आणि त्यांनी सैन्याच्या दबावाखाली का होईना स्वतःच ने विनला काळजीवाहू सरकार चालविण्यास पाचारण केले. त्याने सुमारे दीड वर्ष राज्य केले. रंगूनचे रस्ते झाडले गेले, झोपड्या उठवून हजारो लोकांना शहराबाहेर ओक्कलापा व थाकेता या नव्या वसाहतींत नेऊन टाकले, बाजारभाव आटोक्यात आणले. आणि १९६० साली निवडणुका घेऊन त्याने सत्ता परतही केली. माझ्या मते घात झाला तो इथे, १९६२ साली नव्हे. शिकलेल्या मध्यमवर्गाला चटक लागली. पुढारी भांडतात, सैनिक काम करतात. संसद बोलते, सेनापती करून दाखवितो. ही भाषा ज्या देशात कौतुकाने बोलली जाऊ लागते तेथे हुकूमशहाचे अर्धे काम झालेले असते. ज्यांच्या झोपड्या उठल्या त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते.

दुसरी चूक धर्मनिष्ठ माणसाच्या हातून झाली. ऊ नू हे शीलवान उपासक. १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला सहावी धम्मसंगीती भरली ती त्यांच्याच पुढाकाराने. १९६० ची निवडणूक त्यांनी बौद्ध धर्माला राज्यधर्म करण्याचे आश्वासन देऊन जिंकली आणि ऑगस्ट १९६१ मध्ये तसा कायदा केला. इतर धर्मीयांच्या संरक्षणाची दुरुस्ती मागोमाग केली, परंतु बाण सुटून गेला होता. काचिनांत ख्रिस्ती पुष्कळ. त्यांचे बंड त्याच वर्षी उभे राहिले होते, त्याला यामुळे जोर आला. आपल्या काही धम्मबंधूंना वाटते की, एखाद्या राज्याने धम्माला राज्यधर्म मानले तर त्यात वाईट काय? त्यांनी एवढे पाहावे की, ज्या बाबासाहेबांनी १९३५ सालीच येवल्यात धर्मांतराची घोषणा केली होती, त्यांच्या हातून घडलेल्या भारतीय संविधानात कोणताही राज्यधर्म नाही. धम्म हा माणसाने स्वीकारायचा असतो. राज्याने स्वीकारलेला धम्म पोलीसपाटलाच्या हाती जातो.

ब्रह्मदेशाच्या घटनेत शान व करेन्नी राज्यांना दहा वर्षांनंतर संघराज्यातून बाहेर पडण्याचा हक्क होता. शान पुढाऱ्यांनी तो वापरला नाही. त्यांनी खरे संघराज्य मागितले आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये त्यासाठी रंगूनला चर्चासत्र भरविले. चर्चा चालू असतानाच २ मार्चच्या पहाटे सैन्य रस्त्यावर आले. कारण सांगितले ते एकच: देशाची एकता धोक्यात आहे. पंतप्रधान, मंत्री, न्यायाधीश, शान सरदार सारे पकडले गेले. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष साव श्वे थाइक हे शान होते; त्यांच्या घरावरील छाप्यात त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा गोळीने मेला आणि ते स्वतः त्याच वर्षी नोव्हेंबरात तुरुंगात वारले.

महापरिनिब्बान सुत्तातील वज्जींची कथा आपण सर्वांनी वाचली आहे. वज्जी जोवर एकत्र जमतील, एकत्र विचार करतील, तोवर त्यांची हानी होणार नाही, असे भगवंतांनी सांगितले. अजातशत्रूचा मंत्री वस्सकार याने नेमके तेच हेरले. अट्ठकथा सांगते की, त्याने वैशालीत राहून लिच्छवींमध्ये एकमेकांविषयी संशय पेरला, इतका की सभेची हाक आली तरी कोणी जमेना. मग वेशी उघड्याच होत्या. ने विनला वैशालीप्रमाणे बाहेरून वस्सकार पाठवावा लागला नाही. बर्मी व शान, बौद्ध व ख्रिस्ती, पुढारी व जनता यांच्यात संशय आधीच होता. त्याने फक्त सभागृह बंद केले.

पुढचे झपाट्याने झाले. घटना गुंडाळली गेली, संसद बरखास्त झाली, सतरा सेनाधिकाऱ्यांचे क्रांतिमंडळ कायदे करू लागले. ७ जुलै १९६२ रोजी रंगून विद्यापीठात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे विद्यार्थी संघाची इमारत सुरुंगाने उडविण्यात आली. मार्च १९६४ मध्ये सैन्याच्या पक्षाखेरीज सर्व पक्ष बेकायदेशीर झाले. या साऱ्याला नाव होते समाजवाद. १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूच्या परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांच्या मार्गांतील भेद सांगितला होता आणि हुकूमशाहीच्या मार्गाने येणारी समता नाकारली होती. त्या परिषदेला सहाच वर्षे होत होती, आणि बौद्ध देशातच त्याचा पडताळा आला. तांदळाची जगभर निर्यात करणाऱ्या देशाला १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अतिमागास देशांच्या यादीत जाऊन बसावे लागले. त्याच वर्षी ने विनने २५, ३५ व ७५ क्याटच्या नोटा एका रात्रीत रद्द केल्या आणि ४५ व ९० च्या नोटा आणल्या, कारण नऊ हा त्याचा शुभांक! लोकांची आयुष्यभराची शिल्लक ज्योतिषाच्या पायी बुडाली.

पाळी कोणाची आधी

अल्पसंख्याकांचा छळ एकदम सुरू होत नाही. आरंभी असा गट निवडतात की, त्याच्याबद्दल लोकांना खरोखरीची तक्रार असते. ब्रह्मदेशात असे लोक म्हणजे भारतीय. इंग्रजी अमदानीत तेथे गेलेल्या चेट्टियार सावकारांनी १९३० नंतरच्या मंदीत बर्मी कुळांच्या जमिनींचा मोठा भाग कर्जापोटी गिळला होता. हा राग खोटा नव्हता. परंतु सावकारीच्या जमिनींचा प्रश्न स्वातंत्र्यानंतर जमीन राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यांनी हाती घेतलाच होता. १९६४ साली ने विनने दुकाने सरकारजमा केली आणि मोठ्या नोटा रद्द केल्या तेव्हा बळी पडला तो किराणा दुकानदार, कारकून, गोदीतला तमिळ व तेलुगू मजूर. त्या वर्षानंतर सुमारे तीन लाख भारतीय ब्रह्मदेश सोडून आले. मद्रासेतील बर्मा बाजार त्यांनी वसविला. सावकाराच्या पापाची शिक्षा हमालाला झाली, आणि कुळाला त्याची जमीन परत मिळाली असेही नाही. ती सरकारची झाली.

नंतर पाळी आली अराकानातील मुसलमानांची, ज्यांना रोहिंग्या म्हणतात. हे लोक मतदार होते, संसदेत त्यांचे प्रतिनिधी होते. १९६१ साली ऊ नू सरकारने त्यांच्या मुलखासाठी मायू सरहद्द जिल्हा हा स्वतंत्र कारभार निर्माण केला होता आणि रंगूनच्या सरकारी रेडिओवरून त्यांच्या भाषेत कार्यक्रम होत असत. म्हणजे राज्याला ते ठाऊक होते, नावानिशी ठाऊक होते. १९७८ साली 'नागराज' नावाची तपासणी मोहीम सुरू झाली. कागद तपासण्याच्या निमित्ताने सैन्य गावोगाव शिरले आणि दोन लाखांवर लोक बांगलादेशात पळाले. आंतरराष्ट्रीय दबावामुळे त्यांतील बहुतेकांना परत घ्यावे लागले. तेव्हा ने विनने वेगळा उपाय काढला. बंदुकीने हाकललेला माणूस परत येतो. कायद्याने हाकललेला येत नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ चा नागरिकत्व कायदा हा या पाठाचा गाभा आहे. या कायद्याने नागरिकांच्या तीन पायऱ्या केल्या: पूर्ण नागरिक, सह-नागरिक आणि नागरिकत्व दिलेले लोक, प्रत्येकाच्या ओळखपत्राचा रंग वेगळा. पूर्ण नागरिक कोण? तर ज्या जाती १८२३ पूर्वी, म्हणजे इंग्रजांशी पहिले युद्ध होण्याआधी, या भूमीत वसलेल्या होत्या त्या. पुढे सरकारने अशा १३५ जातींची यादी मानली. तीत रोहिंग्या नाहीत. राहिलेल्यांनी आपले पूर्वज केव्हा आले याचे पुरावे आणावेत. नदीकाठच्या शेतमजुराने दीडशे वर्षांपूर्वीच्या पणजोबाचा कागद कोठून आणावा? कागद ज्याच्या हाती त्याचीच साक्ष, हे गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

या तीन पायऱ्यांना आपल्याकडे नाव आहे. बाबासाहेबांनी ते दिले: श्रेणीबद्ध विषमता. तिचा गुण असा की, प्रत्येक पायरीवरील माणसाला आपल्या खाली कोणीतरी आहे याचे समाधान असते, म्हणून वरच्याविरुद्ध सारे एक होत नाहीत. अराकानी बौद्धांचेच पाहा. त्यांचे स्वतंत्र राज्य बर्मी राजाने १७८४ साली जिंकले, त्यांची महामुनी बुद्धमूर्तीसुद्धा उचलून नेली; आजही त्यांचा प्रांत देशातील अतिदरिद्री प्रांतांपैकी आहे. त्यांचे गाऱ्हाणे बर्मी सत्तेविरुद्ध. पण २०१२ च्या दंगलीत त्यांचा राग वळला तो आपल्याहून दुबळ्या शेजाऱ्यावर. दोन उपाशी माणसांना एकमेकांवर सोडून दिले की राज्यकर्त्याला झोप चांगली लागते.

कायद्यानंतरची वाट उताराची होती. प्रवासाला परवाना, लग्नाला परवाना, काही तालुक्यांत दोनच अपत्यांची सक्ती. १९९१-९२ मध्ये पुन्हा सुमारे अडीच लाख लोक पळाले. २०१५ च्या निवडणुकीत उरलासुरला मताधिकारही गेला. ने विन १९८८ च्या जनउठावात पायउतार झाला होता आणि २००२ साली नजरकैदेत मेला; पण त्याचा कायदा जिवंत राहिला आणि निवडून आलेल्या सरकारनेही तो बदलला नाही. सैन्याशी वर्षानुवर्षे झुंजलेल्या आंग सान सू ची डिसेंबर २०१९ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात वंशसंहाराच्या आरोपाविरुद्ध आपल्या देशाची बाजू मांडण्यास उभ्या राहिल्या. चौदा महिन्यांनी, १ फेब्रुवारी २०२१ रोजी, त्याच सैन्याने त्यांना कैद केले.

संघ आणि धर्मांतर

आरंभी ने विन धर्मापासून अलिप्त असल्याचे दाखवीत होता. पण देश गरीब झाला तसा त्याला चीवराचा आधार हवासा वाटू लागला. १९८० साली त्याने सर्व निकायांच्या भिक्खूंचे संमेलन भरवून संघाला सरकारमान्य नायक समितीखाली आणले, भिक्खूंना ओळखपत्रे दिली आणि रंगूनला महाविजय नावाचा स्तूप बांधायला घेतला. ही रीत पुढच्या सेनापतींनीही चालविली. २०२१ नंतर शेकडो गावे जाळणाऱ्या मिन आंग लाइंग याने २०२३ साली राजधानीत संगमरवराची प्रचंड बुद्धमूर्ती उभारली. मूर्ती बोलत नाही, हे अशा लोकांच्या फार उपयोगी पडते.

आपल्या पाक्षिकाच्या वाचकांनी एका कायद्याकडे विशेष लक्ष द्यावे. २०१५ साली विराथू आदी भिक्खूंच्या 'मा बा था' संघटनेच्या मागणीवरून 'वंश व धर्म संरक्षणाचे' चार कायदे झाले. त्यांतील एक धर्मांतराचा. ज्याला धर्म बदलायचा आहे त्याने तालुक्याच्या मंडळाकडे अर्ज करावा, मंडळापुढे मुलाखतीस उभे राहावे, नेमून दिलेल्या मुदतीत नव्या धर्माचा अभ्यास करावा, आणि मंडळाची खात्री पटली तर प्रमाणपत्र घ्यावे. हा कायदा बौद्धांनी बौद्धांच्या रक्षणासाठी केला. आता कल्पना करा की, ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपुरात असे मंडळ बसले आहे, त्यावर गावचे प्रतिष्ठित नेमले आहेत, आणि दीक्षाभूमीवर जमलेल्या लाखो माणसांनी, ज्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, एकेकाने त्यांच्यापुढे उभे राहून आपण धर्म का बदलतो याचा खुलासा करायचा आहे! ज्या कायद्याने आपली दीक्षाच झाली नसती, तो कायदा बौद्ध देशात झाला म्हणून आपण त्याचे समर्थन करू शकत नाही.

२०१७ च्या ऑक्टोबरात, निर्वासितांचे लोंढे वाहत असताना, सितागू सयाडो या विख्यात भिक्खूंनी सैनिकांपुढे प्रवचन केले आणि त्यात महावंसातील दुट्ठगामणी राजाची कथा सांगितली. तमिळ राजा एळाराशी झालेल्या युद्धातील संहाराने दुट्ठगामणी व्यथित होतो. तेव्हा आठ अर्हत येऊन त्याला सांगतात की, तू मारलेल्या असंख्यांत माणसे दीडच होती. एकाने त्रिशरण घेतले होते आणि दुसऱ्याने पंचशील, बाकीचे पशूंसारखे. ही कथा तिपिटकात कोठेही नाही. ती सिंहलद्वीपातील इतिहासग्रंथात, बुद्धानंतर सुमारे हजार वर्षांनी लिहिली गेली. एखादे वचन बुद्धाचे आहे की नाही हे ठरविण्यासाठी बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात कसोटी दिली आहे: ते बुद्धीला धरून आहे काय, लोकांच्या कल्याणाचे आहे काय. या कसोटीवर ही कथा क्षणभरही टिकत नाही. आणि आपल्याला तिचा वास ओळखीचा वाटला पाहिजे. काही माणसे अर्धी, काही पावकी आणि काही मुळीच माणसे नव्हेत, हा हिशेब आपण मनुस्मृतीत पाहिला आणि तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. तोच हिशेब पाली गाथेत आला म्हणून पवित्र होत नाही.

तथापि विनयात दुसरेही एक साधन आहे, आणि ब्रह्मदेशी भिक्खूंनी ते वापरलेले आहे. त्याला पत्तनिक्कुज्जन म्हणतात, म्हणजे पात्र पालथे घालणे. ज्या उपासकाने संघाचा द्रोह केला त्याचे दान संघ नाकारतो. सप्टेंबर २००७ मध्ये पखोक्कू येथे सैनिकांनी भिक्खूंना मारहाण केली; क्षमा मागितली नाही, तेव्हा हजारो भिक्खू मेत्तसुत्त म्हणत रस्त्यावर आले आणि त्यांनी सेनापतींचे दान घेण्याचे बंद केले. ज्या देशात पुण्य दानावर मोजतात तेथे हा फार मोठा आघात होता. सैन्याने रात्री विहारांवर धाडी घातल्या, यावरूनच त्याचे वजन कळते. पण विनयातील आठ कारणे पाहिली तर ती सारी संघाच्या व त्रिरत्नांच्या अवमानाची आहेत. शेजाऱ्याचे घर जाळणाऱ्यासाठी त्यांत कलम नाही. २०१७ साली संघाने पात्र पालथे घातले नाही.

एकट्यादुकट्याने काय केले त्याचे एक उदाहरण मेइक्तिलाचे आहे. मार्च २०१३ मध्ये त्या गावात मुसलमानांची कत्तल चालू होती. ऊ विथुद्ध नावाच्या विहाराधिपतींनी आपल्या विहाराचे दरवाजे उघडून आठशेहून अधिक मुसलमानांना आत घेतले. जमाव दाराशी आला आणि त्यांना बाहेर काढा म्हणू लागला. त्या विहारात कायदा नव्हता, शिपाई नव्हता, हाती कोणतेही प्रमाणपत्र नव्हते. भन्तेजी दारात उभे राहिले आणि त्यांनी त्यांतील एकालाही बाहेर दिले नाही.